पाच टायर, एक तुकडी : फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या टायरांचा हिशेब



गेल्या पावसाळ्यात इंदूरहून एका गृहस्थांचा प्रश्न आला. गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह, पाच वर्षांची, ४२ हजार किलोमीटर झालेली. मागचे दोन टायर गोटा झाले होते, म्हणून त्यांनी तेवढे दोन नवे टाकले. पुढच्यांवर अजून नक्षी दिसत होती, ते तसेच ठेवले. दुकानदार म्हणाला, काही फरक पडत नाही.

पंधरा दिवसांनी हे सहकुटुंब जाम गेटच्या घाटात गेले. पाऊस लागला, म्हणून त्यांनी लीव्हर टू-हायमधून फोर-हायमध्ये टाकला. वीसेक किलोमीटरनंतर पाऊस थांबला, रस्ता सुकला, पण लीव्हर परत टू-हायमध्ये येईना. वळणावर स्टिअरिंग जड झालं, खालून कटकट आवाज येऊ लागला, आणि गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालू लागली. "कर्नल साहेब, गिअरबॉक्स गेला का?" असा त्यांचा प्रश्न होता.

मी त्यांना कळवलं, अजून काही गेलेलं नाही, पण जायच्या वाटेवर आहे. असा लीव्हर अडकला तर सपाट, मोकळी जागा बघा, मागे कुणी नाही याची खात्री करा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि गाडी चार-पाच मीटर सरळ मागे घ्या. यंत्रणेतला ताण सुटला की लीव्हर सहसा सुटतो. हा झाला तात्पुरता उपाय. खरं दुखणं लीव्हरमध्ये नव्हतं, टायरमध्ये होतं.

आजचा सगळा विषय या एका प्रश्नात आहे. साध्या गाडीचे टायर सुटे सुटे बघितले तरी भागतं. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला टायर सुटे नसतात, संच असतो. झीज, अदलाबदल आणि बदली या तिन्ही गोष्टींचा विचार संच म्हणूनच करावा लागतो. का, ते आधी बघू.

चारही चाकं एकाच दोरीला

आपल्याकडच्या जिप्सी, थार, जिम्नी यांसारख्या गाड्यांमध्ये गरजेपुरती फोर-व्हील-ड्राइव्ह असते. एरवी ताकद मागच्या दोन चाकांना जाते. लीव्हर फोर-हायमध्ये टाकला की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकत्र बांधते. आता दोन्ही शाफ्टना एकाच वेगाने फिरणं भाग आहे. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत, बर्फात चाक थोडं घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग फरक शाफ्टमध्ये पिळासारखा साठत जातो. म्हणूनच गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील-ड्राइव्ह लावू नका.

आता यात टायरचा घेर आणा. २५५/६५ आर १८ हे माप घेऊ, थारला हे माप येतं. नव्या टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर, घेर सुमारे २.४८ मीटर. किलोमीटरला त्याच्या साधारण ४०४ फेऱ्या होतात. याच मापाच्या टायरची नक्षी ६ मिलिमीटर झिजली, तर व्यास १२ मिलिमीटरने कमी होतो आणि घेर पावणेचार सेंटीमीटरने. आता किलोमीटरला फेऱ्या झाल्या ४१०. म्हणजे मागे नवे आणि पुढे झिजलेले टायर असतील, तर दर किलोमीटरला पुढची चाकं सहा फेऱ्या जास्त मागतात. शाफ्ट चाकापेक्षा साडेतीन-चार पट वेगाने फिरतो, म्हणजे शाफ्टवर हा फरक वीस-पंचवीस फेऱ्यांचा. आणि दोन्ही शाफ्ट तर एकत्र बांधलेले!

इंदूरच्या गाडीत नेमकं हेच झालं. समान टायर असते तर सरळ रस्त्यावर तरी ताण आला नसता. त्यांच्या गाडीत तो सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला वाढत होता. ओल्या रस्त्यावर चाकं थोडी घसरून फरक फेडत होती, रस्ता सुकला आणि पीळ घट्ट बसला.

काही गाड्यांत चारही चाकांना ताकद कायम किंवा आपोआप जाते. त्यांचे मालक म्हणतील, आमच्याकडे तो लीव्हरच नाही, मग आम्हांला काय? तुम्हांला जास्त सांभाळायला हवं. तुमच्या गाडीत मधे डिफरन्शियल असेल तर ते सरळ रस्त्यावरही विनाकारण काम करत राहतं. इलेक्ट्रॉनिक क्लच असेल तर लहान घेराचं चाक जास्त फिरतंय हे बघून गाडीच्या संगणकाला वाटतं की चाक घसरतंय. तो क्लच आवळतो, तेल तापतं, क्लचच्या चकत्या झिजतात. यातलं काहीही डॅशबोर्डवर लगेच दिसत नाही. दिसतं तेव्हा खर्च टायरांच्या पुढे गेलेला असतो.

माझा स्वतःचा नियम असा : चार टायरांत सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी नक्षी यांच्यात २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तकात यापेक्षा कमी मर्यादा दिली असेल तर पुस्तकाचं ऐका.

झीज वाचायला शिका

टायरवरची नक्षी गाडीची प्रकृती सांगते. नक्षीची खोली मोजायचं छोटं गेज स्वस्तात मिळतं. नसेल तर काडेपेटीतली काडी खाचेत उभी घाला, नखाने खूण धरा आणि पट्टीवर मोजा. मात्र एका टायरवर तीन ठिकाणी मोजा : आतली कड, मध्य, बाहेरची कड. आतली कड बघायला वाकावं लागतं. म्हणूनच ती कुणी बघत नाही आणि तार दिसेपर्यंत झिजते.

मध्य जास्त झिजला असेल तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी आहे. एकच कड झिजली असेल तर चाकाचा कोन बिघडलाय, अलाइनमेंट करा. जिप्सी आणि जिम्नीसारख्या सलग पुढच्या अॅक्सलच्या गाड्यांत चाकाचा आत-बाहेरचा कल सहसा जुळवता येत नाही, फक्त चाकांची तोंडं आत-बाहेर जुळवता येतात. तिथे अलाइनमेंट करूनही एकच कड झिजत राहिली, तर बेअरिंग, किंगपिन किंवा अॅक्सल वाकलाय का, हे तपासून घ्या.

नक्षीवरून तळहात हलकेच आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाकांची तोंडं बिघडली आहेत. हे करताना सावकाश, एखादी तार बाहेर आलेली असू शकते. टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर थकलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर कधीतरी जोरात ब्रेक लागून चाक जाम झालं होतं.

आता खास आपल्या गाड्यांचं दुखणं. चिखलाच्या किंवा कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांच्या टायरांवर रबराचे मोठे ठोकळे असतात. डांबरावर चालताना प्रत्येक ठोकळ्याची एक धार जास्त झिजते, दुसरी उंच राहते. मग साठच्या वेगाला घूं घूं असा आवाज सुरू होतो. लोक बेअरिंग बदलतात. आवाज तसाच. बेअरिंग बिचारं निर्दोष असतं, टायर फिरवलेले नसतात.

हवा : फुकटची देखभाल

टायर सगळ्यांत जास्त मरतात ते हवेकडे दुर्लक्ष झाल्याने. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासा. किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दारापाशी लावलेल्या पट्टीवर किंवा पुस्तकात असतं. टायरच्या साइडवॉलवर लिहिलेला आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरायची नसते.

तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने बदलतो. उंचीचाही परिणाम होतो. लडाखला जाणारी मंडळी मला हटकून विचारतात की तिथे हवा कमी करायची का. हिशेब करून बघा. मुंबईत ३० अंशांना ३३ पीएसआय भरली. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून गेजवर आकडा वाढायला हवा. पण सकाळी तापमान शून्याजवळ असेल तर थंडीने तो तेवढाच उतरतो. गेज पुन्हा ३३-३४च दाखवतं. दुपारी ऊन २५ अंशांवर गेलं की मात्र ३७च्या पुढे जातं. म्हणून अंदाजाने हवा सोडू नका. मुक्कामी रोज सकाळी गेज लावा.

राजस्थानच्या वाळूत आम्ही हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवायचो. टायर पसरतो, गाडी वाळूत रुतत नाही. ते योग्यच आहे. चूक होते ती परतताना. पक्का रस्ता लागला की सगळ्यांना घरची ओढ लागते आणि तीच कमी हवा घेऊन गाडी ऐंशीने पळते. साइडवॉल सतत मुडपत राहते, तापते आणि आतून फाटू लागते. बाहेरून काही दिसत नाही. कमी हवेवर जायचं असेल तर हवा भरायचा पंप गाडीत असलाच पाहिजे. पंप नसेल तर हवा सोडू नका.

अदलाबदल कशी करायची

चारही चाकांचं काम सारखं नसतं. पुढच्यांवर इंजिनचं वजन, स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा भार, त्यामुळे त्यांच्या कडा झिजतात. टू-हायमध्ये गाडी ढकलतात मागची चाकं, त्यामुळे ती वेगळ्या तऱ्हेने झिजतात. शिवाय आपण डावीकडून चालतो. समोरून ट्रक आला की डावी चाकं रस्त्याच्या तुटक्या कडेवरून उतरतात, दगडाचे कापे डाव्या टायरांना जास्त बसतात. टायर एकाच जागी ठेवले तर चाळीस हजार किलोमीटरवर चार वेगळ्या घेरांचे चार टायर तयार होतात. अदलाबदलीचा हेतू एवढाच की प्रत्येकाने प्रत्येक जागेचं काम करावं आणि सगळे एकसारखे म्हातारे व्हावेत.

दर ८ ते १० हजार किलोमीटरला अदलाबदल करा. मोठ्या ठोकळ्यांचे टायर असतील किंवा घाटात, कच्च्यावर जास्त चालत असाल तर ५ ते ६ हजारांवर.

चार टायरांची पद्धत सोपी आहे. मागचे दोन सरळ पुढे आणा, उजवा उजवीकडे, डावा डावीकडे. पुढचे दोन मागे नेताना बाजू बदला, उजवा डावीकडे, डावा उजवीकडे.

स्टेपनी त्याच मापाची, त्याच नक्षीची आणि तशाच रिमवर असेल तर पाच टायरांची पद्धत घ्या. क्रम असा : स्टेपनी मागे उजवीकडे, मागचा उजवा पुढे उजवीकडे, पुढचा उजवा मागे डावीकडे, मागचा डावा पुढे डावीकडे आणि पुढचा डावा स्टेपनीच्या जागी. कागदावर गाडी काढून बाण ओढून बघा. पाच वेळा अदलाबदल केली की प्रत्येक टायर पाचही जागा फिरून मूळ जागी येतो. ही पद्धत गाडी नवी असतानाच सुरू करायची असते. चार झिजल्यावर कोऱ्या स्टेपनीला मधेच घुसवलं, तर वर सांगितलेली घेराची भानगड उभी राहते.

यात पैशाचाही फायदा आहे. एक टायर रस्त्यावर ५० हजार किलोमीटर टिकतो असं धरा. चारच फिरवले तर संच ५० हजारांना संपेल, आणि पाचवा कोरा टायर न वापरताच वयाने बाद होईल. पाच फिरवले तर तोच संच साडेबासष्ट हजारांपर्यंत जातो.

काही टायरांच्या साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. असे टायर बाजू बदलून लावायचे नाहीत. त्यांना फक्त पुढचा मागे, मागचा पुढे करा. रेडियल टायर कधीच बाजू बदलून लावू नयेत असं जुने मेकॅनिक सांगतात. तो सल्ला रेडियलच्या सुरुवातीच्या काळातला आहे. आजच्या बाण नसलेल्या टायरांना तो लागू नाही.

अदलाबदल झाल्यावर पुढची आणि मागची हवा आपापल्या जागेप्रमाणे पुन्हा जुळवा. नट एकाच फेरीत ओळीने आवळू नका, समोरासमोरचे आवळत जा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा. आणि एक वही ठेवा. टायरांना एक ते पाच नंबर द्या. तारीख, किलोमीटर, कोणता टायर कुठे, नक्षी किती, एवढ्या चार गोष्टी लिहा. वहीचं एक पान पुरतं.

स्टेपनीची गोष्ट

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही, पण सांगायला हवी.

मी तरुण कॅप्टन होतो, युनिट सिक्कीममध्ये होतं. गाड्यांचा विभाग, आम्ही त्याला एमटी म्हणतो, माझ्याकडे होता. दर महिन्याला प्रत्येक गाडी तपासून रजिस्टरवर सही करायची. एका सकाळी एक जोंगा खाली निघाली. ड्रायव्हर, वायरलेसवाला आणि आणखी दोन जवान. उतारावर दगडाने पुढचा डावा टायर कापला गेला. ड्रायव्हरने नियमाप्रमाणे गाडी बाजूला घेतली, स्टेपनी चढवली आणि निघाला. स्टेपनीची नक्षी कोरी करकरीत. दहा-अकरा किलोमीटरवर एका वळणात ती साइडवॉलमधून फुटली. गाडी डावीकडे ओढली गेली. डावीकडे दरी होती. कडेला खडी भरलेले डांबराचे ड्रम लावलेले होते, त्यांतल्या एकावर गाडी अडकली. वायरलेसवाल्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बाकीचे वाचले. दोन ड्रमच्या मधल्या जागेत गाडी गेली असती तर आज मी ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगत असतो.

चौकशीत रजिस्टर उघडलं. 'स्टेपनी ठीक', खाली सही माझी. ती स्टेपनी कित्येक वर्षं गाडीच्या पाठीवर ऊन, पाऊस आणि बर्फ खात होती. साइडवॉलवर नखाएवढ्या भेगा होत्या. मी दर महिन्याला स्टेपनी मोजत होतो, पाहत कधीच नव्हतो.

त्या संध्याकाळी आमचे एमटी हवालदार, साताऱ्याकडचे, माझ्या खोलीवर आले. मला वाटलं धीर द्यायला आलेत. ते म्हणाले, "साहेब, एक बोलू का? स्टेपनी म्हणजे आपली राखीव तुकडी. राखीव तुकडीला वर्षभर कवायतच दिली नाही, तर लढाईच्या दिवशी ती काय करणार?" दुसऱ्या दिवसापासून युनिटातल्या प्रत्येक गाडीची स्टेपनी अदलाबदलीत आली. पाच टायरांच्या पद्धतीचा आग्रह मी धरतो त्याचं कारण हे आहे. पैसे वाचतात ते वेगळं. पण पाचवा टायर फिरत राहिला की वर्षातून एकदा तरी त्याच्याकडे नीट बघावंच लागतं.

अनेक नव्या गाड्यांत स्टेपनी छोट्या मापाची असते. तिला अदलाबदलीत घ्यायचं नाही. ती फक्त पुढच्या टायरवाल्यापर्यंत, तिच्यावर लिहिलेल्या वेगाच्या आत. ती लावलेली असताना फोर-व्हील-ड्राइव्ह लावू नका. २०२० सालच्या नियमबदलानंतर, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं साहित्य असेल, तर स्टेपनीशिवायही गाडी देता येते. शहरात ते ठीक आहे. पण साइडवॉल कापली गेली तर तो डिंकासारखा द्रव काही उपयोगाचा नाही. डोंगरात जाणाऱ्याने पूर्ण मापाची स्टेपनी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बदलायचे कधी आणि किती

कायद्याने चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. टायरच्या खाचांत तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. साइडवॉलवर त्या जागी छोटा त्रिकोण किंवा खूण असते. पण १.६ ही कायद्याची रेघ आहे. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात पावसाळ्यात पाणी खाचांतून बाहेर पडायला जागा लागते. जागा नसेल तर टायर पाण्यावर तरंगतो, आणि चारही चाकं तरंगली तर फोर-व्हील-ड्राइव्ह काय करणार? मी ३ मिलिमीटरवर बदलतो, आणि तेही पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात.

दुसरी मर्यादा वयाची. साइडवॉलवर इंग्रजी डीओटी अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या. दहा वर्षांनंतर नक्षी कितीही चांगली दिसली तरी टायर काढून टाका. स्टेपनीलाही हाच नियम. नवे टायर घेताना दुकानातही हे आकडे वाचा, पाचही टायर जवळपासच्या काळातले आहेत ना ते बघा. साइडवॉलवर फुगा आला असेल, आतले धागे दिसत असतील किंवा कापा खोल असेल, तर वय आणि नक्षी बघत बसू नका, टायर बाद.

माप वाचायला शिका. १९५/८० आर १५ ९६ एस असं लिहिलं असेल तर १९५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ इंचांचा रिम. ९६ म्हणजे एक टायर ७१० किलो भार पेलतो, आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. भाराचा आकडा गाडीबरोबर आलेल्या टायरपेक्षा कमी असलेला टायर घेऊ नका.

आता किती बदलायचे? फोर-व्हील-ड्राइव्हला उत्तर एकच : चारही, आणि जमलं तर पाचही. सगळे एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. माप तेच असलं तरी दोन कंपन्यांच्या टायरांचा घेर थोडा वेगळा असू शकतो.

एखादा टायर दगडाने कापला गेला तर? तुम्ही पाच फिरवत असाल तर प्रश्न सुटलाच. स्टेपनी तेवढीच झिजलेली आहे, ती चढवा. नवा एक टायर आणा आणि तो स्टेपनी म्हणून ठेवा. पाच फिरवत नसाल आणि बाकीच्यांची नक्षी २ मिलिमीटरच्या आत झिजलेली असेल, तर एक नवा चालेल. त्यापेक्षा जास्त झिजली असेल तर निदान दोन घ्या आणि एकाच अॅक्सलवर मागे लावा. मागे यासाठी की ओल्या वळणावर मागची पकड सुटली तर गाडी गिरकी घेते आणि ती सावरणं कठीण. मात्र उरलेले दोन बदलेपर्यंत फोर-व्हील-ड्राइव्ह फक्त चिखलात किंवा वाळूत, डांबरावर अजिबात नाही. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला ही सवलत नाही, तिला चारच.

इंदूरच्या गाडीचं काय झालं

त्यांनी पुढची नक्षी मोजून कळवली : ४ मिलिमीटर. मागे नवी १०. फरक ६. मी त्यांना सांगितलं, नव्या टायरांसारखेच आणखी दोन घ्या, ते पुढे लावा, आणि ट्रान्सफर केसचं तेल काढून त्यात धातूचा कीस आहे का बघा. कीस नव्हता. वेळेत सुटले. स्टेपनी पाच वर्षांची, न वापरलेली, जुन्या नक्षीची होती. ती सध्या अडीअडचणीला, टू-हायपुरती ठेवा, आणि वर्षभरात नव्या चारांसारखा पाचवा घ्या, असं सुचवलं. दुकानदाराने त्यांना फसवलं असं मी म्हणणार नाही. दोन नवे मागे टाकले हे साध्या गाडीसाठी बरोबरच होतं. त्याने गाडी बघितली, गाडीची जात विचारली नाही. ती सांगणं मालकाचं काम आहे.

येत्या रविवारी अर्धा तास काढा. पाचही टायरांची हवा बघा, नक्षी तीन ठिकाणी मोजा, चार आकड्यांवरून वय वाचा, वहीत लिहा. सुरुवात स्टेपनीपासून करा. तिच्यावरचं कव्हर काढा, साइडवॉलवर हात फिरवा, नीट पाहा.

पुढच्या भागात घाट उतरताना ब्रेक का तापतात आणि गिअर कसा वापरायचा, ते बघू. तोवर गाडी जपा, माणसं जपा.

जय हिंद.